पाचवं पिक

एप्रिलचा शेवटचा आठवडा आला की मी घरातला टीव्हीचा रिमोट लपवतो. कधी सोफ्याच्या गादीखाली, कधी पुस्तकांच्या मागे, एकदा तर तांदळाच्या डब्यावर ठेवला होता. माझी बायको वृंदा तो शोधून काढते आणि पुन्हा टीव्हीजवळ ठेवते. सहा वर्षं आमचं हे चाललंय. सिंगापूरला ऋतूच नसतात, असं इथे नव्याने आलेली माणसं म्हणतात. पहिली दोन वर्षं मीही म्हणत असे. आता मात्र एप्रिल सरत आला, दुपारी तीनच्या सुमाराला आभाळ काळंनिळं झालं आणि मैदानावर विजेचा इशारा देणारा भोंगा वाजायला लागला, की माझा ऋतू मला ओळखू येतो. तो माझ्या लाजेचा ऋतू आहे.

त्या आठवड्यात अमेरिकेत फुटबॉलच्या निवडीचा सोहळा असतो. आपला फुटबॉल नव्हे. त्यांचा, ज्यात पायांचा उपयोग मुख्यतः पळायला होतो. कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू तिथले संघ ओळीने एकेक करून निवडतात. निवडायच्या प्रत्येक हक्काला 'पिक' म्हणतात. हे पिक स्वतःकडेच ठेवायची सक्ती नसते. दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात काही घेता येतं. सगळ्यात मोठी रस्सीखेच चालते ती क्वार्टरबॅकसाठी. प्रत्येक डाव ज्याच्या हातून सुरू होतो, तो क्वार्टरबॅक. बाकीचे कितीही तगडे असोत, तो धड नसेल तर मांडव घालून भटजींची वाट बघत बसल्यासारखी संघाची अवस्था होते. म्हणून एखादा संघ तसा क्वार्टरबॅक मिळावा यासाठी यंदाचं पिक देतो, पुढच्या वर्षीचं देतो, त्याच्याही पुढच्या वर्षीचं देऊन टाकतो. तिकडे तेव्हा संध्याकाळ असते, इकडे आमची सकाळ. पोह्यांची बशी मांडीवर घेऊन हा सोहळा मी एके काळी फार आवडीने बघत असे.

पुण्याला आईला व्हिडिओ कॉलवर हे समजावून सांगत होतो, तेव्हा ती बुचकळ्यात पडली. "पुढच्या वर्षीचं पीक आत्ताच देऊन टाकलं? पेरायच्या आधी?"

"आई, पीक नाही गं. पिक. ऱ्हस्व."

आईने तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय. ती म्हणाली, "ऱ्हस्व असो नाहीतर दीर्घ, देऊन टाकण्याआधी काय उगवतंय ते बघावं तरी." मी हसलो होतो. ऑफिसमध्येही तो किस्सा रंगवून सांगितला होता.

ऑफिसमुळेच तर हे वेड लागलं. मी चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या आयटी विभागात आहे, आणि त्या काळी माझा साहेब रॉस नावाचा अमेरिकन होता. सोमवारच्या मीटिंगची पहिली दहा मिनिटं तो फुटबॉलवर बोलायचा. ज्याला त्यातलं कळे त्याच्याकडे बघून बोलायचा, बाकीचे कॉफीचे कप फिरवत बसायचे. मला कप फिरवत बसायचं नव्हतं. सेम्बावांगहून चांगीपर्यंतच्या तासाभराच्या एमआरटी प्रवासात, आधी लाल लाइन आणि मग हिरवी, मी परीक्षेला बसायचं असल्यासारखा त्या खेळाचे नियम वाचत असे. टीममधल्या एखाद्या माणसावर खूश झाला की रॉस म्हणायचा, "ही इज अवर क्वार्टरबॅक." मला तो कधी तसं म्हणाला नव्हता. इथे नोकरी करायच्या माझ्या परवान्याच्या, म्हणजे पासच्या, नूतनीकरणाच्या कागदावर त्याची सही लागत असे हे खरं, पण पुढे जे मी केलं ते काही त्या सहीसाठी केलं नाही. उगीच त्या बिचाऱ्या पासवर कशाला ढकलू? मला ते दोन शब्द हवे होते.

रॉसही आमच्यासारखा सेम्बावांगलाच राहायचा. आम्ही सरकारी ब्लॉकमध्ये, तो जुन्या आरमारी वसाहतीतल्या काळ्यापांढऱ्या बंगल्यात. शनिवारी सकाळी तो मुलांची फुटबॉल लीग चालवायचा. त्यात धक्काबुक्की नसते. मुलांच्या कमरेला दोन रंगीत पट्ट्या लटकवलेल्या असतात, त्यातली एक ओढली की गडी बाद. मुलगे-मुली एकत्र खेळतात. मुक्ता, आमची मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची होती आणि तिला त्या लीगमध्ये खेळायचं होतं. खरं सांगायचं तर तिला माझ्याबरोबर काहीतरी करायचं होतं. मी फुटबॉल बघायचो म्हणून तिने फुटबॉल निवडला. मी पतंग उडवत असतो तर तिने मांजा धरला असता.

त्या वर्षीचा नोव्हेंबर-डिसेंबर आठवतो. रोज दुपारी पाऊस. ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या जागेत फुटबॉल खेळायला मनाई असल्याची पाटी होती. मुक्ताने ती वाचली, विचार केला आणि म्हणाली, "बाबा, हा तो फुटबॉल नाही ना? सो कॅन." इथल्या इंग्रजीत, म्हणजे मग चालेल. आम्ही खेळलो. तिसऱ्या दिवशी सफाईवाल्या आजींनी झाडू दाखवून हाकललं, मग शेजारच्या पत्रे घातलेल्या कोर्टावर गेलो. पत्र्यावर पावसाचा असा आवाज व्हायचा की ओरडून बोलावं लागे. सोलायच्या आधीच्या नारळाएवढा तो चेंडू तिच्या पंजात मावायचा नाही. ती तो छातीशी कवटाळून झेलायची. तिची पकड मात्र पक्की होती. चेंडूबरोबर स्वतःही ओल्या फरशीवर बसायची, पण चेंडू सोडायची नाही. खेळून झालं की म्हणायची, "बाबा, मला भूक लागली होती." आता लागली आहे, असं तिला म्हणायचं असे. मराठीतल्या काळांचा तिचा गोंधळ तेव्हाही होता. आई कॉलवर दर वेळी सुधारायची, "'होती' नव्हे गं राणी, 'आहे'."

डावांची नावं आम्ही तिथेच ठेवली. मैदानावर ओरडून डाव सांगावा लागतो, आणि तो समोरच्यांना कळता कामा नये. मी म्हटलं, आपण मराठीत ओरडू. मुक्ता आनंदाने उड्याच मारायला लागली. पोहे म्हणजे डावीकडे जवळचा पास. वरणभात म्हणजे चेंडू दिल्याचं नाटक करायचं आणि स्वतःच पळायचं. आणि थालीपीठ म्हणजे सगळ्यांनी डावीकडे धावत सुटायचं, एकाने मात्र उजव्या रेषेला चिकटून लांबवर जायचं, आणि चेंडू त्याच्याकडे. थालीपीठ तिचं लाडकं. तव्यावर ते उलटतात तसा सगळा डाव उलटतो, असं तिचं म्हणणं होतं. मी बोट उगारून तिला बजावलं होतं, "हे घरचं आहे हं. बाहेर कोणाला सांगायचं नाही." तिने ओठांवर कुलूप लावल्याची खूण केली आणि किल्ली कोर्टाबाहेरच्या पावसात फेकून दिली.

लीगला एक प्रशिक्षक कमी पडत होता. रॉसने मला विचारलं आणि मी कोच झालो. मुक्ता आठवडाभर शाळेत सांगत फिरली.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी, रॉसच्या बंगल्याच्या व्हरांड्यात, आम्ही सहा कोच मुलं वाटून घ्यायला बसलो. खऱ्यासारखाच सोहळा. पांढऱ्या फळ्यावर लोहचुंबकाने लावलेली मुलांच्या नावांची कार्डं, प्रत्येक कोचला आठ पिकं, आणि चिठ्ठ्या टाकून ठरलेला क्रम. मी शेवटचा. कोचचं स्वतःचं मूल त्याच्याच संघात राहील, पण त्याबद्दल त्याचं पाचवं पिक खर्ची पडेल, असा नियम होता. म्हणजे माझं पाचवं पिक म्हणजे मुक्ता. ते फळ्यावर लिहिलेलंही होतं.

मी तयारी करून गेलो होतो. चाचणीच्या दिवशी सगळ्या मुलांना बघून मी एक्सेलमध्ये तक्ता केला होता: वेग, पकड, उंची, समज. मुक्तालाही गुण दिले होते. आपलीच मुलगी म्हणून झुकतं माप नको, या विचाराने दहापैकी सहा. पकडीसाठी तिला नऊ द्यायला हवे होते. ओल्या फरशीवर बसूनही चेंडू न सोडणारी पोर मी रोज बघत होतो. तरी सहा दिले, आणि आपण किती निःपक्षपाती, म्हणून स्वतःवर खूशही झालो.

त्या तक्त्यात सगळ्यात वर ब्रुक होती. दहा वर्षांची, ऑस्ट्रेलियन, उंच, वेणी घातलेली. तिच्या हातून चेंडू असा सुटायचा की हवेत फिरताना त्याची शिवण दिसायची नाही. लीगमधली एकमेव खरी क्वार्टरबॅक. पहिलं पिक होतं कोच लिम यांच्याकडे. लिम पन्नाशीचे, जहाजांच्या कारखान्यात नोकरी करणारे सिंगापुरी गृहस्थ. भाचीच्या हट्टापायी हा खेळ शिकलेले. मी त्यांना म्हटलं, तुमचं पहिलं पिक मला द्या, बदल्यात माझं पहिलं आणि तिसरं घ्या. त्यांनी चष्मा वर सरकवला. अजून एक हवं, म्हणाले. पाचवं द्या, म्हणजे जमेल. संख्या सारखी राहावी म्हणून शेवटची दोन ते मला देणार होते.

मी "डन" म्हणालो. त्यांचा चष्मा पुन्हा नाकावर घसरायच्या आत म्हणालो.

रॉसने फळ्याकडे बोट केलं. "तुझं पाचवं म्हणजे तुझी मुलगी आहे. लक्षात आहे ना?"

लिम एकदम गोंधळले. हात हलवत म्हणाले, "आइया, नो नीड लाह! आय डोंट नो इज युअर गर्ल. सिक्स्थ आल्सो कॅन." सहावं दिलंत तरी चालेल.

म्हणजे दार उघडं होतं. त्या भल्या माणसाने ते स्वतः उघडून धरलं होतं. पण सहाव्या पिकावर मला जुन नावाचा मुलगा घ्यायचा होता. वेग नऊ, पकड आठ. त्याचं नाव मी दोनदा अधोरेखित केलं होतं. ब्रुक फेकणार आणि जुन झेलणार, हे चित्र माझ्या डोक्यात पक्कं झालं होतं. पाच जण माझ्याकडे बघत होते, रॉससुद्धा. मी हसलो आणि म्हणालो, "नो, नो. फिफ्थ इज फाइन. शी इज फ्रॉम होम ओन्ली. शी विल अंडरस्टँड."

"फ्रॉम होम?" रॉसला काही कळलं नाही.

कळणार कसं? मी मराठीत बोललो होतो, शब्द तेवढे इंग्रजी होते. घरचीच आहे ती, समजून घेईल. आपल्याकडे हे वाक्य किती सहज म्हटलं जातं. पाहुणे आले की घरची मुलं मागून जेवतात. खोली कमी पडली की घरच्याने जमिनीवर झोपायचं. मी आईच्याच शाळेत होतो. पाचवीच्या स्नेहसंमेलनात राजाचे सगळे संवाद मला पाठ होते. आईने राजा दुसऱ्याला केलं आणि मला भाला देऊन दाराशी उभं केलं. "घरचाच आहे, समजून घेईल," असं ती माझ्यासमोर मुख्याध्यापिकांना म्हणाली होती. मी रडलो नाही, आणि त्या न रडण्याचा मला पुढे कितीतरी वर्षं अभिमान होता. व्हरांड्यात मला वाटलं, मी तेच करतोय. आईचीच रीत पुढे चालवतोय. पण मला दाराशी उभं करून आईला काहीच मिळालं नव्हतं. मला ब्रुक मिळत होती. एवढा फरक न कळण्याइतका मी भाबडा नव्हतो.

"बोल्ड," रॉस म्हणाला. माझी छाती फुगली.

पाचवी फेरी आली तेव्हा लिम यांनी माझ्याकडून घेतलेल्या पिकावर मुक्ताचंच कार्ड उचललं. "शी कम विथ युअर पिक, सो आय टेक," असं हळूच म्हणाले. तिचं कार्ड त्यांनी खिशातल्या रुमालाने पुसून घेतलं. मी त्या वेळी माझ्या तक्त्यात खूण करत होतो.

घरी गेल्यावर मी खोटं बोललो. चिठ्ठ्या टाकल्या, लॉटरीत तू दुसऱ्या संघात गेलीस, असं सांगितलं. मुक्ताचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "लॉटरी मीन्स नोबडीज फॉल्ट, ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. वृंदा कणीक मळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मंदार, सहा कोच, आणि तुझीच मुलगी लॉटरीत?" मी अंघोळीला निघून गेलो.

हंगाम सुरू झाला. माझे पिवळे, लिम यांचे निळे. निळा टी-शर्ट मुक्ताच्या गुडघ्यापर्यंत यायचा. आम्ही दोघं शनिवारी एकत्रच घरून निघायचो, मैदानाच्या फाटकाशी तिचा हात सुटायचा आणि ती दुसरीकडे जायची. पहिल्याच शनिवारी सरावात शेजारच्या मैदानावरून तिला ते ऐकू गेलं. ब्रुक ओरडत होती, "पो-हेय! थॅलीपीट!" हो, मी डावांची नावंसुद्धा देऊन टाकली होती. तयार होती, सोयीची होती, आणि नवीन शोधायला वेळ कोणाला होता? मुक्ता कमरेच्या पट्ट्या बांधता बांधता थांबली. माझ्याकडे बघितलं नाही. तिने पट्ट्यांची गाठ पुन्हा सोडली आणि पुन्हा बांधली. दिवसभर मी वाट बघितली, ती काही विचारेल म्हणून. नाही विचारलं. मला सुटल्यासारखं वाटलं.

माझे पिवळे जिंकत गेले. ब्रुकचा हात आणि जुनचे पाय, दोघांनी धमाल उडवून दिली. सोमवारच्या मीटिंगमध्ये आता मी बोलत असे आणि रॉस ऐकत असे. लिम यांचे निळे धडपडत, हरत, एकेक सामना काढत एप्रिलच्या शेवटी कसेबसे अंतिम सामन्यात पोचले. ते पोचले यात मुक्ताच्या पकडीचा केवढा वाटा होता, हे मला पालकांच्या बोलण्यातून कळलं. मी तिचा एकही सामना पुरता पाहिला नव्हता. माझाच शेजारी चालू असे ना.

अंतिम सामना तेवढा दुपारी होता. तो अगदी शेवटाला आलेला, आम्ही थोडक्यात मागे, आणि तेवढ्यात भोंगा वाजला. वीज. सगळ्यांना शेडमध्ये जावं लागलं. अर्धा तास दोन्ही संघ एकाच छपराखाली, मधे पाण्याच्या पिंपांची रांग. पत्र्यावर पाऊस आदळत होता, अगदी डिसेंबरसारखा. मुक्ता डबा घेऊन माझ्यापाशी आली. "आईने तुझ्यासाठी पण दिलंय," म्हणाली. चटणी-पोळीची गुंडाळी होती. मी तिला बस म्हटलं. ती म्हणाली, "माझी टीम तिकडे आहे." तेवढा 'आहे' तिने अगदी बरोबर वापरला होता.

पाऊस थांबला. शेवटचा एकच डाव उरला होता. मी ब्रुकला खूण केली. तिने घसा ताणून आरोळी ठोकली, "थॅलीपीट!"

मुक्ता निळ्यांच्या बाजूने बचावाला होती, उजव्या रेषेपाशी, माझ्यापासून दहा पावलांवर. म्हणजे चेंडू जिथे येणार होता तिथेच. आरोळी ऐकल्यावर तिने मान वळवली. चेंडूकडे नाही, माझ्याकडे. अर्धा क्षण बघितलं असेल. मग ती वळली आणि बाकीच्या निळ्यांबरोबर डावीकडे धावत सुटली. रेषा मोकळी झाली. जुन उजवीकडून आरामात गेला, चेंडू अलगद त्याच्या हातात पडला. आम्ही जिंकलो. मी हवेत उडी मारली, आणि उडी मारता मारता माझ्या मनात आलं की पोरगी विसरली. चार महिन्यांत सगळं विसरली. त्याहून वाईट म्हणजे असंही आलं, की बरंच झालं दिली ते. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. वृंदालासुद्धा नाही.

बक्षीस समारंभात लिम मुक्ताला घेऊन माझ्याजवळ आले. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "युअर गर्ल व्हेरी गुड. थँक यू आ, फॉर गिव्हिंग मी." मनापासून म्हणाले. त्यांना वाटलं, घरी सगळं ठाऊक असणार.

परत येताना मुक्ता माझ्या पुढे चालत होती. बसस्टॉप गेला, मार्केट गेलं. आमच्या ब्लॉकच्या त्या पाटीपाशी ती थांबली.

"यू सेड लॉटरी."

"हो."

"सो नॉट लॉटरी."

"नाही."

"ब्रुकसाठी दिलं मला?"

"तसं नाही गं. ते नुसतं पिक असतं. नंबर असतो."

"विच नंबर?"

"पाचवा."

"फिफ्थ." गुणपत्रिका बघतात तशी तिने मान हलवली. मग विचारलं, "आफ्टर मी हू? सिक्स्थ कोण होतं?"

मी जुनचं नाव सांगितलं. काय करणार, दुसरं खोटं सुचलं नाही. ती बरं म्हणाली आणि लिफ्टचं बटण दाबलं.

वृंदाने सगळं ऐकून घेतलं. ती आरडाओरडा करणाऱ्यातली नाही. मी तिला आईची रीत, घरचं-बाहेरचं, निःपक्षपात वगैरे सांगायला लागलो, तेव्हा मात्र म्हणाली, "पाहुण्यांना आधी वाढतात, मंदार. मूल ताटात घालून देत नाहीत." सोमवारी मीटिंगमध्ये रॉसने सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते दोन शब्द म्हणाला. अवर क्वार्टरबॅक. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी थँक यू म्हटलं आणि कॉफीचा कप फिरवत बसलो.

पुढच्या वर्षी मुक्ताने लीगला नाव दिलं नाही. रुसली नाही, बोलणं टाकलं नाही. उलट माझ्याशी ती फार चांगलं वागते, आणि तेच मला खुपतं. खोलीत येण्याआधी दारावर टकटक करते. "बाबा, यू फ्री?" असं विचारते. मी काही आणून दिलं तर थँक यू म्हणते. वृंदाशी ती भांडते, तिच्या ताटातलं उचलून खाते, तिचे कपडे न विचारता घालते. माझ्याशी मात्र पाहुण्याशी वागावं तसं. पाहुण्याला आपण किती जपतो, तशी ती मला जपते. आमच्या घरी थालीपीठ हा शब्दसुद्धा कोणी उच्चारत नाही. वृंदा नुसतं "भाजणीचं लावते" म्हणते.

यंदा, दोन हजार एकोणीसच्या एप्रिलमध्ये, शनिवारी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आलो तर टीव्ही लागलेला. रिमोट मुक्ताने शोधला होता. ती आता पंधराची आहे, वृंदापेक्षा उंच. पाय सोफ्यावर घेऊन तो निवडीचा सोहळा बघत होती. स्वयंपाकघरातून भाजणीचा खमंग वास येत होता. पडद्यावर बोलणारे कोण्या एका संघाच्या जुन्या सौद्याचं कौतुक करत होते, एका क्वार्टरबॅकसाठी त्यांनी काय काय देऊन टाकलं होतं त्याचं. मी दारातच थांबलो.

"बाबा, हे लोक कोणाला देतात?" तिने माझ्याकडे न बघता विचारलं.

"कोणाला असं नाही. पुढच्या वर्षीचं पिक देतात. त्याला अजून नाव नसतं."

"लकी," ती म्हणाली. "माझ्यावर नाव होतं."

मी तिच्या समोर जाऊन बसलो. सॉरी मी सहा वर्षांत पुष्कळदा म्हटलं होतं. तिने दर वेळी "इट्स ओके लाह" म्हणून ते परत केलं होतं. त्या सकाळी मी ते म्हटलं नाही. जे विचारायची कधी हिंमत झाली नव्हती, ते विचारलं. "मुक्ता, त्या शेवटच्या डावाला तू डावीकडे पळालीस. थालीपीठ म्हणजे काय, ते विसरली होतीस ना?"

माझ्या तोंडून तो शब्द आल्यावर स्वयंपाकघरातलं उलथणं थांबलं.

मुक्ताने माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी रेषेपाशी बघितलं होतं तसंच. "विसरणार कशी? मीच नाव दिलं ना. बॉल कुठे येणार, आय न्यू."

"मग पकडला का नाहीस? तुम्ही जिंकला असता."

"कोच लिमनी पण विचारलेलं, ते काय ओरडतात म्हणून. मी म्हटलं, डोंट नो." तिने खांदे उडवले. "कॅनॉट यूज, बाबा. तूच म्हणालेलास, बाहेर सांगायचं नाही. ते घरचं होतं."

माझी आई कॉलवर असती तर तिने लगेच टोकलं असतं. 'होतं' नव्हे गं राणी, 'आहे'. मुक्ताचा तो गोंधळ अजून गेलेला नाही. भूक लागली की आजही ती लागली होती असंच म्हणते. सुधारू का, असं माझ्या मनात आलं. पण तिने चूक केली होती की नाही, हे मला कळेना, आणि विचारायची हिंमत झाली नाही.